पत्त्याचा रकाना

टेसा हॉवर्थ आज जेवली असेल का, हा विचार मार्ला कुझेलाच्या डोक्यात पहिल्यांदा शिरला तो डिसेंबरातल्या एका गुरुवारी. तो पुढे कधी बाहेर पडलाच नाही. खरं तर नाताळाच्या आधीपासून पोर तिच्याच घरात होती, तिच्याच टेबलावर समोर बसून जेवत होती, बटाटे दोनदा वाढून घेत होती. तरी विचार होता तिथेच होता, नुसता कूस बदलायचा. जेवली असेल का, याच्या जागी झोपली असेल का. बाप आला तर काय होईल, आणि नाहीच आला तर काय होईल.

मार्ला पेल फोर्कच्या शाळेत समुपदेशक होती. नेब्रास्का राज्याच्या त्या टोकाला, जिथे माणसांपेक्षा गाई जास्त आणि गाईंपेक्षा वारा जास्त, तिथल्या नऊशे वस्तीच्या गावातली ही शाळा. बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळं एकाच इमारतीत. मार्लाचं मुख्य काम अकरावीच्या मुलांचं. बारावी संपवून शाळेतून बाहेर पडायला किती क्रेडिट लागतात, त्यातली किती जमली, कुठला विषय राहिला, कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची तयारी कुठवर आली, हे सगळं ती प्रत्येकाच्या पिवळ्या कार्डावर पेन्सिलीनं मांडून ठेवायची. शाळेत संगणक आला, मग दुसरा आला, मग तिसरा आला, कार्डं राहिली. फेब्रुवारीत एकेका मुलाला आईबापासकट बोलवायचं, वीस मिनिटं बसवायचं आणि रिकामा चौकोन दाखवून म्हणायचं, "हे बघ, इथे अर्धं क्रेडिट कमी पडतंय. आत्ता भरलंस तर भरलंस. पुढच्या मे महिन्यात रडत आलास तर माझ्याकडे रुमालसुद्धा नसेल." रुमालांचा डबा तिच्या टेबलावरच असायचा, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

ती मूळची तिथली नव्हती. राज्याच्या राजधानीत, लिंकनमध्ये शिकली, तिथेच एमिल कुझेला भेटला, आणि त्याच्या वडलांना गुडघ्याचा त्रास म्हणून दोन वर्षांपुरती इकडे आली. ती दोन वर्षं संपून आता सव्वीस झाली होती. मध्ये एकदा लिंकनच्या विद्यापीठातून प्रवेश विभागात नोकरीचं पत्र आलं होतं. त्याच आठवड्यात सासऱ्यांचं एक अंग लुळं पडलं. पत्राला तिनं व्यवस्थित उत्तर लिहिलं, आभार मानले आणि कामाला लागली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. पण दर मे महिन्यात बारावीची मुलं टोप्या हवेत उडवायची, गाड्या भरून पूर्वेच्या रस्त्याला लागायची, तेव्हा ती हात हलवून घरी यायची आणि त्या दिवशी स्वयंपाकात काहीतरी हमखास करपायचं. एमिल करपलेलं मुकाट्यानं खायचा.

नियमांना ती पक्की होती. तिचा मुलगा वेड अकरावीत होता, त्या वर्षीची गोष्ट गावात अजून सांगतात. परीक्षा मंडळाचा नियम असा, की परीक्षेचं काम पाहणाऱ्याच्या नात्यातलं किंवा घरातलं मूल त्या दिवशी परीक्षेला बसत असेल, तर त्यानं त्या कामापासून लांब राहायचं. मार्ला लांब म्हणजे किती लांब राहिली, तर त्या दिवशी शाळेच्या रस्त्यानं आपली गाडीसुद्धा नेली नाही. दूध संपलं होतं तर पंचवीस मैलांवरच्या गावातून आणलं. शाळेची सेक्रेटरी नॅडीन अजून टोमणा मारायची, "आमच्या मार्लाबाई स्वतःच्या सावलीलासुद्धा ओळखपत्र दाखव म्हणतील."

अशा बाईच्या हातून ती चूक झाली.

डिसेंबरातल्या त्या गुरुवारी मार्ला कार्डं चाळत होती. टेसाच्या कार्डावर इंग्रजीचं अर्धं क्रेडिट बुडायच्या बेताला आलं होतं. तीन आठवडे मुलगी वर्गात धड नव्हती. यायची, मागच्या बाकावर अंगात कोट घालून बसायची, मधेच झोपायची. मार्लानं तिला बोलावलं आणि सवयीनं रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. टेसानं चौकोनाकडे पाहिलंच नाही. तिची नजर टेबलावरच्या बिस्किटांच्या पुड्यावर खिळली होती.

हळूहळू कळलं ते असं. बाप डेल हॉवर्थ गहू कापणाऱ्या टोळीबरोबर दर मे महिन्यात दक्षिणेला जायचा आणि पिकामागून पीक कापत कॅनडापर्यंत वर सरकून नोव्हेंबरात परतायचा. या वर्षी नोव्हेंबर आला, तो आला नाही. टेक्ससमध्ये कुठेतरी काम मिळालंय, पुढच्या आठवड्यात निघतो, असा निरोप फोनवर यायचा. पुढचा आठवडा पुढेच सरकत राहिला. आई सहा वर्षांपूर्वीच ॲरिझोनाला निघून गेली होती आणि तिथे तिचं दुसरं बिऱ्हाड होतं. गावाबाहेर ते ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात राहत, आणि त्यातला घर तापवायचा गॅस संपला होता. टेसा रात्री सगळे कपडे अंगावर घालून झोपत होती आणि सकाळी शाळेत येऊन गरम पाण्यानं तोंड धूत होती.

"कोणाला सांगू नका, मिसेस के," ती म्हणाली. शाळेत सगळी मुलं मार्लाला मिसेस के म्हणत. "बाबा येणारच आहेत."

"बरं. तो येईपर्यंत चार दिवस आमच्याकडे चल."

एमिलनं दारात मुलीला पाहिलं, तिच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी पाहिली आणि बायकोला विचारलं, "ही जेवते, की हिला बाटलीनं पाजायचं?" थंडीत आईनं टाकलेली वासरं तो स्वयंपाकघराच्या पडवीत आणून बाटलीनं वाढवायचा. टेसा हसली. मार्लानं तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

कायदा मार्लाला तोंडपाठ होता. आईबापांवाचून एकटं राहणारं पोर शाळेतल्या कोणाच्या लक्षात आलं, तर त्यानं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या बालकल्याण कचेरीत कळवायचं. लगेच कळवायचं. मार्लानं ठरवलं, सोमवारी कळवते. सोमवार आला, तेव्हा टेसाची इंग्रजीची परीक्षा होती. मग नाताळ होता. मग बर्फ पडलं. दर सोमवारी ती स्वतःशी म्हणायची, हा आठवडा जाऊ दे.

याला कारण होतं. बारा-चौदा वर्षांपूर्वी तिनं एकदा असंच कळवलं होतं. डन नावाचे दोन भाऊ होते, एक नववीत, एक सातवीत. मार्लानं त्याच दिवशी फोन लावला, फॉर्म भरला, सगळं नियमाप्रमाणे केलं. तिसऱ्या दिवशी वर्गातून बोलावून दोघांना दोन गाड्यांत बसवलं. एक घर इकडे, दुसरं दीडशे मैल तिकडे. थोरला मागे वळून मार्लाच्या खिडकीकडे बघत होता. तो पुढे शाळेतून बाहेर पडलाच नाही. म्हणजे पास होऊन पडला नाही. त्याचं पिवळं कार्ड तिनं फाडलं नव्हतं. खालच्या खणात होतं.

तर टेसा राहिली. चार दिवसांचे चार महिने होत आले. घरात ती मार्लाला कुठल्याच नावानं हाक मारायची नाही. मिसेस के म्हणणं जेवणाच्या टेबलावर विचित्र वाटायचं आणि नुसतं मार्ला म्हणायला जीभ रेटायची नाही. "ऐका ना," म्हणायची. एमिलला मात्र पहिल्या आठवड्यातच एमिल म्हणू लागली, कारण गाय अडली की मिस्टर कुझेला म्हणायला वेळ नसतो. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. हात लहान होते आणि घाबरत नव्हते. एमिल म्हणायचा, "ही पोरगी गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून गणिताचं बोलते."

गणिताचं बोलायचं कारण ती प्रवेश परीक्षा. राज्यातल्या सगळ्या अकरावीच्या मुलांची ती मार्चअखेरीला शाळेतच व्हायची. टेसाला विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी छत्तीसपैकी पंचवीस गुण हवे होते. सरावाच्या पहिल्या परीक्षेत एकोणीस पडले. मार्लानं तिला रोज शाळा सुटल्यावर तासभर बसवलं. घड्याळाकडे बघायचं नाही, प्रश्नाकडे बघायचं. अडलं की सोडून पुढे जायचं. फेब्रुवारीत बावीस झाले. मार्चमध्ये चोवीस. कार्डावरचं इंग्रजीचं अर्धं क्रेडिटही भरलं गेलं.

परीक्षेच्या मंगळवारी सकाळी सातला फोन वाजला. शेतकी शिकवणारे मिस्टर व्होपॅट लायब्ररीतल्या वर्गावर देखरेख करणार होते. "मार्ला, माझी गाय अडलीय, वासरू उलटं आहे. मी नाही येऊ शकत." मार्च म्हणजे तिथे गाई विण्याचे दिवस, यावर कोणी काही बोलत नाही. मार्ला म्हणाली, "जा तुम्ही, मी बघते."

मग धावपळ. पेन्सिली, मुलांचे फोन जमा करायच्या पिशव्या, ओळखपत्रं. दोन मुलं नाश्ता न करता आली होती, त्यांना नॅडीननं केळी दिली. लायब्ररीत एकोणीस मुलं बसली. तिसऱ्या रांगेत टेसा होती. मार्लानं सूचनांचं पुस्तक उघडून शब्दन् शब्द वाचला, आणि आठ वाजायला दोन मिनिटं असताना देखरेख करणाऱ्याच्या कागदावर सही केली. त्या कागदावर दर वर्षी तेच वाक्य असायचं. या खोलीत माझ्या नात्यातलं किंवा माझ्या घरात राहणारं कोणीही परीक्षा देत नाही. ते वाक्य तिनं इतक्या वेळा इतरांकडून वाचून घेतलं होतं, की आता ते तिला दिसायचंच नाही. आणि टेसा तर काय, चार दिवसांसाठी आलेली.

दुपारी मुलं गेल्यावर ती उत्तरपत्रिका मोजायला बसली. एकोणीस. प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता भरलाय की नाही, एवढंच बघायचं होतं. अकराव्या कागदाशी तिचा हात थांबला.

हॉवर्थ, टेसा. पत्ता: ११४०, रस्ता २७.

रस्ता सत्तावीसवर अकराशे चाळीस नंबरचं एकच घर होतं. त्याच्या पत्रपेटीवर लाल रंगात कुझेला लिहिलेलं होतं. आणि शेजारीच पडलेल्या देखरेखीच्या कागदावर, सहीखाली, मार्लाच्या अक्षरात तोच पत्ता होता.

 दोन्ही कागद एकाच पेटीतून एकाच कचेरीत जाणार. तिथल्या यंत्राला दोन पत्ते जुळलेले कळले, की टेसाचे गुण रद्द. नंतर उघडकीला आलं तर पुन्हा परीक्षाही नाही. वर विचारणा होणार, ही मुलगी तुमच्या घरात काय करत होती? कधीपासून? कोणाला कळवलंत? शाळेतून समुपदेशक जाईल ते जाईल. पण मुलगी कुठे जाईल? अकरावीच्या मध्यात दुसरी शाळा, दुसरे विषय, तिथली क्रेडिटं इथे जुळत नाहीत, इथली तिथे जुळत नाहीत. असे कागद तिनं सव्वीस वर्षांत पुष्कळ पाहिले होते.

पत्ता पेन्सिलीनं लिहिलेला होता. खोडरबर टेबलावर होतं.

तिनं उत्तरपत्रिका पेटीत ठेवल्या, पेटी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली तेव्हा तिला वाटलं, आपण स्वतःलाच आत बंद करून बाहेर आलो.

संध्याकाळी जेवताना टेसा बोलायची थांबतच नव्हती. "ऐका ना, विज्ञानाचा भाग होता ना, त्यात मातीचा प्रयोग होता. एमिल, तू ती जमीन तपासून घेतलीस ना, अगदी तेच! मला हसूच आलं. आणि मी घड्याळाकडे एकदाच बघितलं. एकदाच! तर सात मिनिटं उरलेली."

"सात मिनिटांत मी अख्खी गाय बाळंत केलीय," एमिल म्हणाला.

"तुझी गाय कुठे भूमिती सोडवत होती?"

मार्ला हसली. कोबी आणि खिमा भरलेले पाव तिनं पुन्हा एकदा फिरवले. स्वतःच्या ताटातला तिनं एमिलच्या ताटात सरकवला.

बुधवारी दुपारी दोनला कुरियरची गाडी पेटी न्यायला येणार होती. सकाळी पहिल्या तासालाच मार्ला मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली. गिल ब्रँट चांगला माणूस होता. दोन वर्षांत निवृत्त होणार होता आणि त्याआधी शाळेत काही घडू नये एवढीच त्याची इच्छा होती.

"गिल, कालच्या परीक्षेत एक गोष्ट झाली. टेसा हॉवर्थ..."

"थांब." त्यानं हात वर केला. "हे वाक्य पुरं करू नकोस."

"पण तुम्हाला माहीत तरी..."

"तू मला सांगितलंस, की मला कळलं. मला कळलं, की मलाही काउंटीला फोन करावा लागेल. आज करावा लागेल. म्हणून मला काही सांगू नकोस." मग खिडकीबाहेर बघत, "ते कागद पेन्सिलीनं भरतात ना?"

"हो."

"मी काही बघितलं नाही. माझा चष्मा घरी राहिलाय."

चष्मा त्याच्या नाकावर होता. एरवी मार्लाला हसू आलं असतं. ती बाहेर आली आणि कार्यालयातल्या बाकावर बसली, जिथे उशिरा आलेली मुलं बसतात.

नॅडीन हजेरीचे कागद लावत होती. वर न बघता म्हणाली, "पोरीचं काय?"

"कुठल्या पोरीचं?"

"अगं मार्ला. तुझ्या पोरीचं."

मार्लानं झटकन दाराकडे पाहिलं.

"सगळ्या गावाला ठाऊक आहे," नॅडीन म्हणाली. "बसवाला डॅरेल तिला डिसेंबरपासून तुझ्या फाटकाशी सोडतो. तो काय आंधळा आहे? बुधवारी जेवणात राजमा-खिम्याची चिली असते तेव्हा स्वयंपाकघरातली जोईस तिच्या ताटात दालचिनीचे दोन रोल का टाकते? चर्चमधल्या बायकांनी तुला वेडसाठी म्हणून जॅकेटं दिली ना, त्याच्या मापाची नव्हती ती. तुला काय वाटलं, चुकून आली?"

"मग कोणी बोललं का नाही?"

"बोलून काय करायचं? डनांच्या पोरांचं काय झालं, ते कोणी विसरलंय का?" नॅडीननं कागदांची चळत टेबलावर आपटून सारखी केली. "सगळे म्हणाले, मार्ला बघतेय ना. मार्ला आहे म्हणजे कागदपत्रं झाली असतील."

मार्लाला वाटलं होतं की हे ओझं आपण एकटी वाहतोय. आता कळलं की सगळं गाव वाहतंय, आणि त्यामुळे ते हलकं व्हायच्या ऐवजी आणखीच जड झालं. नऊशे माणसांनी मिळून तोंड मिटलेलं. बसवाल्यानं स्वयंपाकवालीवर सोपवलेलं, तिनं चर्चवर, चर्चनं मार्लावर. आणि मार्लानं सोमवारवर. उद्या डेल हॉवर्थ नशेत दारात उभा राहिला आणि माझी पोरगी द्या म्हणाला, तर तिच्या हातात एक कागद नव्हता. मुलगी आजारी पडली तर डॉक्टरकडे सही कोण करणार? पुढच्या वर्षी कॉलेजचे अर्ज भरायचे, तिथे पालक म्हणून कोणाचं नाव? या मुलीचं कार्ड आपण भरत आणलं असं तिला वाटत होतं. पहिलाच चौकोन कोरा होता.

मधल्या सुट्टीत तिनं टेसाला बोलावून घेतलं. टेसा ताट घेऊनच आली. चिली निवू नये म्हणून घाईत आली होती, ताटात दोन रोल होते.

"बस. दार लाव."

मार्लानं तिला सगळं सांगितलं. मुलांना ती नेहमी सांगायची तसंच. काय झालंय, नियम काय आहे, आता कुठले रस्ते आहेत. सही आपण केली, चूक आपली, हे दोनदा सांगितलं. टेसाचा चमचा पहिल्याच वाक्याला थांबला होता.

"म्हणजे रद्द?"

"आज मी स्वतः लिहून कळवलं तर हे गुण रद्द, पण एप्रिलमध्ये पुन्हा बसायला मिळेल. नाही कळवलं आणि नंतर कळलं, तर तेही नाही."

"आणि कळलंच नाही तर?"

मार्लानं टेबलावरचं खोडरबर उचलून खणात टाकलं.

"चांगला गेला होता हो पेपर," टेसा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "मी पहिल्यांदा न घाबरता..." मग एकदम चिडून, "मग खोडा ना! पेन्सिलीनंच लिहिलंय. रबर द्या, मीच खोडते."

"तिकडचा पत्ता का नाही लिहिलास, टेसा? ट्रेलरचा?"

"तिथे पत्रपेटीच नाही. बर्फ काढणाऱ्या गाडीनं जानेवारीत पाडली. आणि तुम्हीच आम्हाला सांगितलंत, सगळ्यांसमोर, फोनमध्ये बघून लिहू नका, जुना लिहू नका, जिथे राहता तो लिहा. म्हणून लिहिला." ती थांबली. "तुम्हाला नको असेल तर खोडा. पण मग तिथे काय भरायचं ते सांगा. मी कुठे राहते? तो रकाना रिकामा ठेवला तर पेपर घेत नाहीत ना?"

मार्लानं तिच्याकडे पाहिलं. गोष्ट पत्त्याची नव्हती हे तिला कालच कळलं होतं. फक्त ते कोणी तिच्या तोंडावर म्हणालं नव्हतं. या मुलीनं सरळ मनानं खरं लिहिलं होतं आणि त्याच कागदाशेजारी मोठ्या माणसानं खोट्यावर सही केली होती. आता खरं तेवढं खोडायचं आणि खोटं ठेवायचं, एवढाच काय तो सोपा रस्ता उरला होता.

"नाही खोडत," ती म्हणाली.

तिनं खणातून परीक्षेचा दुसरा कागद काढला. परीक्षेत काही वावगं घडलं तर लिहायचा तो. मुलाचा फोन वाजला, दिवे गेले, कोणी आजारी पडलं, असलं काही दर वर्षी दोन ओळींत लिहायचं असायचं. तिनं पेनानं लिहिलं की खोली सांभाळणारी मी आणि विद्यार्थिनी टेसा हॉवर्थ एकाच घरात राहतो, सही करताना मी ते लक्षात घेतलं नाही, चूक माझी आहे, विद्यार्थिनीची नाही, तिला एप्रिलची संधी द्यावी. खाली सही केली. टेसा उलट्या बाजूनं वाचत होती.

"आता काउंटीला कळणार," टेसा म्हणाली.

"हो. आज नाही तर आठवड्यानं. मंडळाकडून शाळेला पत्र येईल, शाळेकडून काउंटीला जाईल."

"मग मला नेतील. डनांसारखं."

"तुला कोणी सांगितलं डनांचं?"

"सगळ्यांना माहीत आहे. मुलं म्हणतात, मिसेस के काही चुकवत नाहीत, त्यांच्याकडे गेलात की फोन लागतो." ती तोंड फिरवून म्हणाली, "म्हणून मी डिसेंबरात आपणहून आले नव्हते."

हे मार्लाला कोणीच कधी सांगितलं नव्हतं.  बाहेर मैदानावर लहान मुलांची सुट्टी झाली होती, आणि वाऱ्यानं कोणाची तरी टोपी कुंपणाकडे पळवली होती. त्या टोपीमागे धावणाऱ्या मुलाकडे ती जरा वेळ बघत राहिली. त्या वर्षी तिनं डनांच्या पोरांना काहीही न सांगता फोन लावला होता. त्यांना वर्गात बसवलं होतं, आणि इकडे दार बंद करून त्यांचं आयुष्य कोणाला तरी वाचून दाखवलं होतं. नावं, वयं, पत्ता. तिला विचारलं होतं, कोणी सांभाळणारं आहे का जवळपास? आणि तिनं नाही म्हटलं होतं. तेव्हा वेड लहान होता, सासरे अंथरुणाला खिळलेले होते, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. नाही म्हणणं खोटंही नव्हतं.

"मी तुला वचन देऊ शकत नाही," ती म्हणाली. "ते काय ठरवतील ते मला माहीत नाही. माझी नोकरी राहील की नाही तेही माहीत नाही. मी साडेतीन महिने कळवलं नाही, हा गुन्हा आहे आणि तो मी केलाय. पण कोणाच्या पत्रावरून त्यांना कळायच्या आधी मी सांगितलं, तर त्याच फोनवर मला विचारता येईल की तुला आमच्याकडे ठेवायला काय लागतं. कागदावर. एमिलच्या आणि माझ्या नावानं."

"एमिलला विचारलंत?"

"तो म्हणेल, एवढे दिवस नव्हती का कागदावर?"

टेसाच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण ती हसली नाही. "आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर मी पुन्हा विचारीन. तुझं कार्ड माझ्याकडे आहे. तू कुठेही गेलीस तरी कुठलं क्रेडिट कुठे जातं ते मी बघीन. एवढं मला येतं." तिला स्वतःलाच ते फार थोडं वाटलं.

पाचव्या तासाची घंटा झाली. टेसा उठली नाही.

"वर्गात जा, असं नाही म्हणणार तुम्ही?"

"नाही. बस इथेच. मी काय बोलते ते तुला ऐकू येऊ दे. काही चुकीचं सांगितलं तर मधेच अडव."

"माझ्याबद्दल मी बोलले तर चालेल?"

"विचारते त्यांना."

पेटी बंद करून, वरती तो पेनानं लिहिलेला कागद ठेवून तिनं ती नॅडीनच्या हवाली केली. नॅडीननं कागद वाचला, तोंड उघडलं, मिटलं, आणि आतल्या मुलीकडे एकदा पाहून बाहेरून येणारे फोन स्वतःकडे वळवून घेतले. "जा तू. कोणी आलं तर सांगते, मार्ला आज मेली म्हणून."

मार्ला आत आली. टेसा खुर्ची ओढून टेबलाच्या या बाजूला, तिच्या शेजारी येऊन बसली होती. चिलीवर साय धरली होती. तिच्या मांडीवर हात एकमेकांत घट्ट गुंतलेले होते.  सोमवार नव्हता, बुधवार होता, दुपारचे साडेबारा. काउंटीच्या बालकल्याण कचेरीत या वेळी जेवणाची सुट्टी असेल, एक वाजता करू, असं तिच्या मनात आलं. आणि तेवढ्यात तिनं रिसीव्हर उचलला.